कॅमेरा कुठं ठेवला होता, सर?

पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तर वाचा, नाहीतर सेव्ह करून रविवारी वाचा. राजकारणाची नाही, त्यामुळं कमेंटमध्ये नेहमीची भांडणं काढू नका ही विनंती.

नोव्हेंबरात, गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला, तेव्हा पाच पोरं माझ्याकडं आली. तीन मुलं, दोन मुली, सगळी बी.ए., बी.कॉम.ची. एका शॉर्टफिल्म स्पर्धेत भाग घ्यायचा होता. दहा मिनिटांची फिल्म, विषय कुठलाही. विषय त्यांनी ठरवूनच आणला होता, ऊसतोड कामगारांची मुलं. आपल्या वाळवा तालुक्यात हा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. पेठ नाक्यावरनं इस्लामपूरकडं वळलं की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, आणि रानाच्या कडेला बीडकडनं, जतकडनं, कर्नाटकातनं आलेल्या टोळ्यांच्या कोप्या. माझ्याकडंच का आलात विचारलं, तर म्हणाली, "सर, तुम्ही व्हिडीओ करता की."

करतो. वीस वर्षं बातम्या लिहितोय आणि गेली आठ-नऊ वर्षं मोबाईलवर शूट करून पाठवतोय. पण कॅमेरा मला कुणी शिकवलेला नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा कॅमेऱ्याचे मोजून चार-पाच तास झाले. सरांनी फळ्यावर माणसाचं चित्र काढलं, गुडघ्यापाशी एक रेघ, कमरेपाशी एक, गळ्यापाशी एक. लाँग, मिड, क्लोज. संपलं. संस्थेत एक हँडीकॅम होता, तो कपाटात, कपाटाची चावी क्लार्ककडं आणि क्लार्क रजेवर. तरीपण पोरांना म्हणलं, या, मी शिकवतो. आपल्याकडं माणूस चाळिशी ओलांडला की त्याला सगळं येतं असं तो स्वतःच धरून चालतो.

पहिल्याच रविवारी पोरं एका टोळीवर जाऊन शूट करून आली. मी सोबत नव्हतो. मोबाईल टीव्हीला जोडून बघितलं. चुलीपुढं बसलेली बाई, झोळीतलं बाळ, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीची फळी चढणारी दुसरी बाई, नाक वाहणारं एक पोर. सगळं उभ्यानं घेतलेलं, मधनंच झूम, मधनंच स्लो मोशन, खाली व्हायोलिन. एकानं ते संगीत आधीच शोधून ठेवलं होतं. मी म्हणलं, छान आहे, पण अजून इम्पॅक्ट पाहिजे. आणि इम्पॅक्ट म्हणजे काय ते दाखवायला माझी स्वतःची २०१९ ची क्लिप लावली.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्या भागात कुणाला सांगायला नको. ब्रह्मनाळला बोट उलटली त्याच आठवड्यातली क्लिप. गाव कृष्णाकाठचं, नाव सांगत नाही. शाळेत पूरग्रस्तांना ठेवलेलं. व्हरांड्यात एक म्हातारी बसली होती, घर पडलेलं, घरातलं एक माणूस सापडत नव्हतं. ती रडत होती, मी चाळीस सेकंद शूट केलं. एका चॅनेलनं ते उचललं, खाली संगीत घातलं, दिवसभर फिरवलं. मला कितीतरी फोन आले. शाबास म्हणाले. माझ्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त लोकांनी बघितलेली गोष्ट तीच.

क्लिप संपली. पोरं गप्प. मला वाटलं, परिणाम झाला. मग दोघींपैकी जी कमी बोलते तिनं विचारलं, "कॅमेरा कुठं ठेवला होता, सर?"

"ठेवला कुठला, हातातच होता की."

"तसं नाही. त्या आजी खाली बसल्यात. तुम्ही उभं आहात. तुम्ही बसला का नाही?"

आता यावर मी काय बोलणार. चिखल होता, हे खरं. माझ्या मागं आणखी तिघं माइक घेऊन उभे होते, मी बसलो असतो तर त्यांचे हात माझ्या फ्रेममध्ये आले असते, हे पण खरं. पण खरं कारण हे की मला तसं सुचलंच नाही. उभ्यानं आलो, उभ्यानं घेतलं, निघालो. ती बाई चाळीस सेकंद माझ्या बुटाच्या दिशेनं बघत रडत होती, आणि हे मला इतक्या वर्षांनी एका विशीतल्या पोरीनं दाखवलं.

पोरांना म्हणलं, पुढचे चार रविवार शूटिंग बंद. आपण सिनेमे बघू. मला पण शिकायचंय.

बघायचं म्हणजे कसं, याला पद्धत आहे आणि ती माझी नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर नावाचे प्राध्यापक होते. मूळचे आग्र्याकडं अर्थशास्त्र शिकवणारे, फिल्म सोसायटी चालवणारे. १९६३ मध्ये ते पुण्यात आले आणि सिनेमाचा रसास्वाद हा विषय त्यांनी उभा केला. 'पथेर पांचाली' ते एकेका दृश्यानं, एकेका शॉटनं शिकवायचे. तिकडं १९६४ ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, पी. के. नायर यांनी मिळतील तिथनं रिळं गोळा केली. संग्रहालयाच्या १६ एमएमच्या प्रिंटा गावोगावच्या फिल्म सोसायट्यांकडं जायच्या. म्हणजे सिनेमा वाचायला शिकवणं हे काम सरकारी पैशातनं, मनापासनं, एके काळी आपल्या महाराष्ट्रात होत होतं. ही काही परदेशातली गोष्ट नाही.

आमची पद्धत अगदी घरगुती. सिनेमातला एकच प्रसंग घ्यायचा, पाच-सात मिनिटांचा. पहिल्यांदा नुसता बघायचा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. शॉट बदलला की टेबलावर टिचकी मारायची. तिसऱ्यांदा शंभर पानी वहीत चौकोन काढायचे. चौकोनात कोण मोठं, कोण बारीक, उजेड कुठल्या बाजूनं, आणि चौकोनाच्या बाहेर काय राहिलं. या शेवटच्या रकान्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागायचा. चित्र येत नाही अशी तक्रार एकानं केली. मी म्हणलं, काड्यांची माणसं काढ.

ही चित्रं काढायची युक्ती मी सुब्रत मित्र यांच्याकडनं घेतली. 'पथेर पांचाली'चं शूटिंग सुरू झालं तेव्हा ते २१ वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. त्यांची शाळा एकच, ज्याँ रेन्वार हा फ्रेंच दिग्दर्शक बंगालमध्ये 'द रिव्हर' करायला आला होता तेव्हा हा पोरगा सेटवर बघत बसायचा आणि लाइट कुठं, कॅमेरा कुठं, नट कुठनं कुठं गेला याची चित्रं काढायचा. पोरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. २१ म्हणजे त्यांच्यातल्या थोरल्याचं वय.

पहिला घेतला 'फँड्री'. त्यामागं कारण होतं. नागराज मंजुळे यांनी पहिली शॉर्टफिल्म 'पिस्तुल्या' केली ती अहमदनगरला संज्ञापन शिकताना, कॉलेजचा प्रकल्प म्हणून. २००९ ची गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या कॉलेजात, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेली फिल्म. एकजण म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखंच." म्हणलं, हो, फक्त तुझं व्हायोलिन सोडून.

'फँड्री'तलं ते दृश्य आठवत असेल. डुक्कर पकडून बांबूला बांधलंय आणि जब्याच्या घरची माणसं ते खांद्यावर घेऊन चाललीत. मागं शाळेची भिंत. भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र, सावित्रीबाईंचं चित्र. कुणी भाषण करत नाही. विक्रम अमलाडी यांचा कॅमेरा. आम्ही हे दृश्य आठ-दहा वेळा बघितलं. मी विचारलं, कॅमेरा समजा डुकराच्या जवळ गेला असता तर? मुलगी म्हणाली, मग भिंत दिसली नसती. भिंतीकडं गेला असता तर? मग माणसं कापली असती. म्हणजे लेन्स किती, अंतर किती, हा प्रश्न तिथं नुसता तांत्रिक नाही. भिंत आणि डुक्कर एका चौकोनात बसायला कॅमेऱ्याला किती पावलं मागं यावं लागलं असेल, तेवढ्या पावलांत तो सिनेमा आहे.

आणि शेवटचा दगड. गावातली लोकं बसून मॅच बघितल्यागत डुक्कर पकडणं बघत असतात, हसत असतात, आणि शेवटी जब्या दगड मारतो तो सरळ कॅमेऱ्यावर. दहा वर्षांपूर्वी मी थेटरात याला टाळी वाजवली होती. आता पोरं म्हणाली, "सर, तो आपल्याला मारला, कारण एवढा वेळ आपण पण बघतच बसलो होतो." मी नुसती मान हलवली.

'सैराट'चा शेवट मात्र मी एकट्यानं बघितला, रात्री. कॅमेरा सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा, ते पण पुण्याच्या इन्स्टिट्यूटचेच. त्या शेवटात मारताना दाखवलेलं नाही. आवाज जातो. लहान पोर दारात येतं, बघतं, रडतं आणि उलटं चालत जातं, मागं पावलं उमटतात. एवढंच. संपूर्ण महाराष्ट्रानं थेटरात तो सन्नाटा ऐकलाय. माझ्यासमोर २०१९ मध्ये जे होतं त्यात मी काय ठेवलं आणि काय गाळलं, हे मग आपोआप डोक्यात यायला लागलं. मी काहीच गाळलं नव्हतं. गाळायचं असतं हेच माहीत नव्हतं. बातमीत जास्तीत जास्त दाखवणं म्हणजे जास्तीत जास्त सांगणं, असं आम्हाला वाटत आलंय.

तिसरा 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे, २०१४. कॅमेरा मृणाल देसाई. इथं पोरं कंटाळली, खोटं कशाला बोलू. कॅमेरा लांब, हलत नाही, माणसं बारकी बारकी, वकील कलमं वाचतोय. मला मात्र हा सिनेमा सगळ्यात ओळखीचा वाटला, कारण मी वीस वर्षं कोर्टाच्या मागच्या बाकावर बसतोय. मागच्या बाकावरनं कोर्ट तसंच दिसतं. न्यायाधीश छोटे, फायली मोठ्या, पंख्याचा आवाज, आणि ज्याचा खटला आहे तो कडेला. चकचकीत सिनेमात वकील ओरडतो तेव्हा कॅमेरा त्याच्या तोंडात शिरतो. इथं कॅमेऱ्याला कुणाचीच बाजू घ्यायची घाई नाही. आणि शेवटी सुट्टीत सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून उठवतात, ते एकाला चापट मारतात आणि परत झोपतात. तो शेवट बघून पोरं एकदम सरळ बसली. म्हणाली, परत लावा, आधीचं पण लावा.

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' मी मुद्दाम उशिरा दाखवला. ते पुण्याला छायाचित्रण शिकले, 'किल्ला'चं दिग्दर्शन त्यांचं आणि कॅमेरा पण त्यांचाच, २०१४ ला बर्लिनला मुलांच्या ज्यूरीनं त्याला क्रिस्टल बेअर दिलं. फार सुंदर दिसतो तो सिनेमा, कोकणचा पाऊस असा की टीव्ही पुसावासा वाटतो. पण देखणेपणाची लागण लवकर होते. तो आधी दाखवला असता तर पोरं कोप्यांवर सुद्धा सूर्यास्त शोधत बसली असती.

मध्ये एक गोष्ट. कोल्हापूर आपल्यापासनं पाऊण-एक तासावर. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी तिथं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, १९१८ मध्ये. विकत मिळत नाही, परवडत नाही, मग लेथवर बसून घडवला. हात होते दामल्यांसारख्या कारागीर माणसांचे. १९२० ला 'सैरंध्री', १९२५ ला 'सावकारी पाश'. सावकारानं लुबाडलेला शेतकरी, आणि तो तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम. त्यातल्या एका दृश्याबद्दल लोक अजून लिहितात. अंधारी झोपडी, बाहेर रडणारं कुत्रं. मूकपट, म्हणजे कुत्र्याचा आवाजच नाही, तरी लोकांना तो ऐकू आला. त्याच कारखान्यात शिकलेल्यांनी १९२९ ला प्रभात काढली, १९३३ ला ती पुण्याला नेली, आणि १९६० ला प्रभातच्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभं राहिलं. म्हणजे आज तिथं छायाचित्रणाच्या दहाएक जागांसाठी देशभरातनं पोरं परीक्षा देतात, त्या जागेची मुळं आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या एका लेथमशीनपाशी जातात. आणि आपल्या तालुक्याचं म्हणाल तर अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. त्यांच्या कादंबऱ्यांवर किती मराठी सिनेमे निघाले. आपल्याकडं गोष्टीही होत्या, कॅमेराही होता. पण ते आपल्यापासनं लांब गेलंय असं आपण कधी धरून बसलो, हे मला समजत नाही.

आता तांत्रिक थोडं, कारण ज्यांची पोरं रील करतात त्यांना उपयोगी पडेल.

एका पोरानं ट्यूबलाइटखाली शूट केलेलं, त्यात आडव्या काळ्या पट्ट्या सरकत होत्या. त्याला वाटलं मोबाईल गेला. मोबाईल ठीक होता. आपली वीज ५० हर्ट्झची, साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, आणि मोबाईलचं शटर बहुतेक वेळा एक साठांशवर असतं. दोन्हीचा मेळ बसत नाही. शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश केलं की पट्ट्या जातात. दुसरं, एक्स्पोजर लॉक. चुलीचा जाळ मोठा झाला की मोबाईल आपणहून अख्खं चित्र काळं करतो, जाळ बसला की परत उजळ. बोट दाबून धरलं की ते लॉक होतं, हे मला आठ वर्षं माहीत नव्हतं. पोरांनी यूट्यूबवर शोधून मला दाखवलं.

तिसरं म्हणजे बाउन्स. सुब्रत मित्र यांनीच 'अपराजितो'साठी बनारसच्या वाड्याचा सेट होता तिथं वर पांढरं कापड ताणलं आणि खालनं लाइट त्याच्यावर मारले. उजेड कापडावर आपटून खाली आला, मऊ, सावल्या नसलेला, खऱ्या आभाळासारखा. १९५६ चा सिनेमा. आम्ही फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल आणि कुणाच्या तरी आजोबांचं जुनं धोतर वापरलं. धोतर सरस ठरलं. थर्माकोल वाऱ्यानं उडतंय.

डिसेंबरात पोरं परत त्या टोळीवर गेली. या वेळी पहिल्या दिवशी मोबाईल खिशातच. मी सोबत होतो. चुलीपुढच्या त्या बाईनं ओळखलं. बीडकडच्या. म्हणाल्या, "मागल्या बारीला आले तवा तर इचारलं नाही. आता काऊन इचारता?" पोरांच्या माना खाली. थोरला म्हणाला, "चुकलं, मावशी." मग त्यांनीच चहा दिला, गुळाचा.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडनं उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचं. त्यांची मुलगी आठेक वर्षांची. दिवाळीपर्यंत गावच्या शाळेत, मग इकडं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिनं शाळेत असायला पाहिजे, ती दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर असते. ही बातमी मी स्वतः चार वेळा लिहिलीय. दर वेळी आकडे, अधिकाऱ्याचं म्हणणं, एक फोटो. फोटो उभ्यानं घेतलेला.

पोरांनी ठरवलं, कॅमेरा त्या मुलीच्या उंचीवर ठेवायचा. अख्खी फिल्म. दोन विटा, मध्ये सुतळीनं बांधलेला मोबाईल. पहाटे साडेचारला आम्ही तिथं. थंडी मरणाची. त्या उंचीवरनं बघितलं तर फड वेगळाच दिसतो. उसाचं रान भिंतीसारखं उभं. मोठी माणसं म्हणजे नुसते पाय, चिखलाचे, भेगांचे. कोयत्याचा आवाज वरनं कुठनं तरी येतो. मोळी येते तेव्हा सगळा उजेडच झाकला जातो. कोपीच्या आत निळी ताडपत्री, त्यातनं येणारा उजेड निळा, बाळाचं तोंड निळं. एक पोरगा व्हाइट बॅलन्स नीट करायला लागला. ती कमी बोलणारी म्हणाली, "राहू दे. तिला निळंच दिसतं ना." मी काहीच शिकवत नव्हतो एव्हाना.

ट्रॉली भरतानाचा शॉट राहिला. मोटरसायकलवरनं एकजण आला, कुणाचं शूटिंग, कुणाची परवानगी, बातमी करताय काय, वगैरे. पोरं घाबरली. त्या मावशींना त्रास नको म्हणून आम्ही आवरलं. तो शॉट असता तर बरं झालं असतं, अजून वाटतं.

तीन तासांचं फुटेज, कापून कापून पावणेदहा मिनिटं. संगीतावरनं दोन दिवस भांडण. शेवटी फक्त कोयता, वारा आणि बाळाचा आवाज ठेवला.

मग पोरं म्हणाली, मावशींना दाखवू या आधी. हे त्यांचं त्यांना सुचलं. वीस वर्षांत मी ज्याची बातमी केली त्याला ती छापायच्या आधी दाखवलेली नाही, आमच्या धंद्यात तसं करत नाहीत, आणि त्याला कारणं पण आहेत. पण आम्ही गेलो. संध्याकाळची वेळ, त्यांनी हात पदराला पुसले, मोबाईल हातात घेतला. पूर्ण बघितलं. परत बघितलं. मुलगी बाजूनं वाकून वाकून बघतेय, भाऊ दिसला की हसतेय.

मावशी म्हणाल्या, "मपलं त्वांड कुठंय?"

थोरल्यानं समजावलं. मावशी, हे तुमच्या मुलीच्या नजरेनं आहे, ती एवढीशी, तिला मोठी माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात, म्हणून. चांगलं समजावलं त्यानं. मी असतो तर एवढं नीट सांगितलं नसतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लेकीला मपलं त्वांड दिसत नाही व्हय?"

चार रविवार आम्ही चौकोन काढले होते. बाहेर काय राहिलं याचा रकाना भरला होता. कॅमेरा पोराच्या उंचीवर आणला म्हणून आम्ही स्वतःवर खूश होतो. आणि एवढी साधी गोष्ट सहाजणांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती, की लहान पोर समोर बघत नाही, वर बघतं. आईकडं तर वरच बघतं. आम्ही कॅमेरा खाली आणला आणि सरळ ठेवला. त्यामुळं झालं काय, त्या बाईचे पाय आले, श्रम आले, चिखल आला, बाई गेली. माझ्या पुराच्या क्लिपमध्ये नुसतं तोंड होतं, यात तोंडच नाही. दोन्हीकडं ठरवणारे आम्हीच.

दुसऱ्या दिवशी एक शॉट घेतला. मोबाईल त्याच विटांवर, फक्त वर कललेला. आई मोळी टाकते, कंबर सरळ करते, खाली वाकते, बाळाला घेते. मागं आभाळ, तोंड काळं पडत होतं, मग धोतर धरलं. अकरा सेकंद. त्यात त्या लेकीकडं बघून काहीतरी बोलतात, वाऱ्यानं ऐकू येत नाही. फिल्म त्या शॉटनं सुरू करायची की संपवायची यावर परत भांडण झालं. मधे ठेवलाय.

स्पर्धेत नंबर आला नाही. संदेश स्पष्ट नाही असं सांगितलं म्हणे. बरोबर असेल त्यांचं. पोरं दोन दिवस नाराज होती. मग एकानं मला बातमी पाठवली, २०२४ ला कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या फिल्मांत पहिला आलेला चिदानंद नाईक, पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये एक वर्षाच्या टेलिव्हिजनच्या कोर्सला होता, सोळा मिनिटांची फिल्म चार दिवसांत शूट केलेली. खाली त्यानं लिहिलं होतं, "आपण तीन दिवसांत केली, सर."

आता सार्वजनिक विषयाकडं येतो, कारण ही पोस्ट त्यासाठीच लिहायला घेतली होती. आपल्या शाळांत चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा असते. पोरं वस्तुचित्र काढायला शिकतात, ते चांगलंच आहे. पण जी पोरं दिवसाला तीन-तीन तास हलती चित्रं बघतात, निवडणुकीत, दंगलीत, पुरात कुणी काय कापून कुणाला पाठवलं त्यावर मत बनवतात, त्यांना एक शॉट कुठनं घेतलाय हे ओळखायला दहावी-बारावीपर्यंत कुणी शिकवत नाही. मराठीच्या पेपरात उताऱ्यावर प्रश्न येतात. दृश्यावर एकही नाही. पुण्याची इन्स्टिट्यूट २०१७ पासनं बाहेरगावी छोटे कोर्स घेते, स्मार्टफोनवर फिल्म करायचे पण असतात. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे, महोत्सव भरवते. इस्लामपुरात, एवढी कॉलेजं असलेल्या गावात, महिन्याला एक सिनेमा बघून त्यावर बोलायला दोन तास मिळू नयेत असं काही नाही. शासनाची वाट बघत बसलो तर पोरं म्हातारी होतील.

माझ्या त्या क्लिपचं विचाराल तर डिसेंबरातच चॅनेलला मेल केला की ती काढून टाका. उत्तर आलं नाही. फोन केला तर तिथला पोरगा म्हणाला, "कशाला काढताय ओ, अजून व्ह्यूज येतायत." क्लिप अजून आहे. लिंक देत नाही. जानेवारीत त्या गावाला जाऊन आलो. म्हातारी लेकीकडं राहायला गेलीय असं शेजारी म्हणाले, पत्ता दिलाय. जायचंय.

पोरं दर रविवारी येतायत, आता पाचाची नऊ झालीत आणि माझ्या बैठकीच्या खोलीत मावत नाहीत. येत्या रविवारी 'पथेर पांचाली' लावणार आहे. कुणाकडं प्रोजेक्टर पडून असेल तर उसना द्या, सोमवारी सकाळी परत पोच करतो. आणि बस स्टँडच्या आसपास कुणाचा हॉल संध्याकाळी चार ते सात रिकामा असेल तर इनबॉक्स करा. खुर्च्या नसल्या तरी चालतील, सतरंजी आमच्याकडं आहे.